व्याकरण बरोबर, तरी पत्र खटकतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही चाकणजवळच्या एका कारखान्यातून सुटे भाग परदेशी पाठवण्याचा पत्रव्यवहार बघता. व्याकरण पक्कं आहे, स्पेलिंगची चूक संगणकच होऊ देत नाही. तरी अमेरिकेतल्या ग्राहकाचा माणूस दर दोन मेलनंतर ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारतो आणि साहेब म्हणतात, इंग्रजी सुधारा. पाठ केली की काम भागेल अशी शब्दजोड्यांची यादी, म्हणजे कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो याची, तुम्हाला हवी आहे. शिवाय ‘टेक अ डिसिजन’ बरोबर की ‘मेक अ डिसिजन’, हेही विचारलंय. सोबत स्वतःचा एक मेल जोडलात हे फार बरं केलंत, कारण खरं दुखणं त्यातच दिसतं.

यादी देता येईल, पण तिचा उपयोग होणार नाही. मी सव्वीस वर्षं कोल्हापूरकडच्या ओतकामाच्या कारखान्यांचा निर्यातीचा पत्रव्यवहार सांभाळला. सुरुवातीची दोन वर्षं अशा याद्या टेबलाच्या काचेखाली लावून ठेवल्या होत्या. लिहायला बसलं की हवी ती जोडी त्या यादीत कधीच सापडत नाही. आणि सापडायला आधी आपली जोडी चुकीची आहे अशी शंका यावी लागते. तुमची अडचण तिथेच आहे : शंका येत नाही.

का येत नाही, ते सांगतो. पेमेंट, ऑर्डर, मीटिंग, इन्व्हॉइस हे शब्द आता आपलेच झालेत. दिवसभर आपण पेमेंट करतो, ऑर्डर देतो, मीटिंग ठेवतो, इन्व्हॉइस काढतो, मेल टाकतो. नाम इंग्रजीतून आलं, पण येताना आपलं क्रियापद तिकडेच ठेवून आलं, आणि इथे त्याला आपण मराठी क्रियापद लावलं. मग इंग्रजीत लिहायला बसलो की वाटतं, नाम तर इंग्रजीच आहे, आता फक्त शेपटी बदलायची. ‘करणे’चं ‘डू’ होतं, ‘देणे’चं ‘गिव्ह’, ‘ठेवणे’चं ‘कीप’. वाक्य व्याकरणात बसतं, स्पेलिंग तपासणारं यंत्र मान डोलावतं, आणि तिकडे वाचणारा अडखळतो.

आपल्याकडेही हे असंच चालतं, फक्त लक्षात येत नाही. शपथ घेतात, पैज लावतात, निवडणूक लढवतात, टेंडर भरतात, कर्ज फेडतात, पावती फाडतात. बाहेरचा कोणी ‘मी पावती तोडली’ म्हणाला तर आपल्याला कळतं आणि हसूही येतं. तो विचारेल, फाडणं आणि तोडणं यात फरक काय? काय सांगणार? पावती फाडतात, एवढंच.

जाता जाता : इंग्रजी शब्दजोड्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांपैकी दोघांचा आशियाशी जवळचा संबंध होता. हॅरॉल्ड पामर तोक्योत जपानी विद्यार्थ्यांसाठी काम करत होते आणि १९३३ मध्ये त्यांनी अशा जोड्यांचं मोठं संकलन प्रसिद्ध केलं. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून, हा विचार १९५७ मध्ये मांडणारे जे. आर. फर्थ १९२०च्या दशकात लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. ज्याची इंग्रजी मातृभाषा आहे त्याला या जोड्या दिसतच नाहीत. बाहेरून येणाऱ्याला ठेच लागते तेव्हा त्या दिसतात.

आता तुमचा मेल. तो असा होता : ‘वी हॅव रिसीव्हड युअर ऑर्डर अँड वी कन्फर्म द सेम. वी विल डू द डिस्पॅच ऑफ मटेरियल टिल ट्वेंटिएथ. पेमेंट इज पेंडिंग सिन्स फॉर्टी-फाइव्ह डेज, काइंडली रिलीज. वी हॅव केप्ट अ मीटिंग ऑन ट्यूजडे टू डिस्कस अबाउट द रिजेक्शन. वी विल रिव्हर्ट ऑन प्राइस. प्लीज डू द नीडफुल.’

‘केप्ट अ मीटिंग’पासून सुरू करू, कारण ती अस्सल आपली चूक आहे. मंगळवारी मीटिंग ठेवली, म्हणून ‘कीप’. इंग्रजीत ‘कीप ॲन अपॉइंटमेंट’ म्हणजे ठरल्या वेळी हजर राहणं, आणि एखादी गोष्ट ‘कीप’ केली म्हणजे ती रद्द होणार होती, ती तशीच राहू दिली. तुमचा अमेरिकी माणूस कॅलेंडर उघडून बसला असणार की कुठली मीटिंग, ती कधी ठरली होती आणि रद्द व्हायची वेळ का आली. मीटिंग ठरवली तर ती ‘अरेंज’ किंवा ‘शेड्यूल’ करतात, प्रत्यक्ष घेतली तर ‘होल्ड’ करतात, अध्यक्षस्थानी असाल तर ‘चेअर’, आणि नुसते गेलात तर ‘अटेंड’. ‘मीटिंग घेतली’चं ‘टूक अ मीटिंग’ही मी खूप वाचलंय. अमेरिकेत तसं बोलतात, पण त्याचा अर्थ समोरच्याला भेटायला वेळ दिला, असा होतो. आपली मीटिंग घेणारा साहेब त्यात बसत नाही.

‘टिल ट्वेंटिएथ’. आपल्याकडे ‘वीस तारखेपर्यंत पाठवतो’ आणि ‘वीस तारखेपर्यंत थांबतो’ या दोन्हींत ‘पर्यंत’ एकच. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘टिल’. तुम्ही लिहिलंत त्याचा अर्थ असा होतो की आम्ही वीस तारखेपर्यंत रोज माल पाठवत राहू. निर्यातीच्या कामात ही एकच गोष्ट सुधारली तरी बरेच फोन वाचतात. ‘बिफोर ट्वेंटिएथ’ लिहिलंत तर वीस तारीख धरली जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

‘मटेरियल’ हा शब्द तर परदेशी पत्रातून कायमचा काढाच. शॉप फ्लोअरवर आपण तयार मालालाही मटेरियल म्हणतो. तिकडे मटेरियल म्हणजे ज्यापासून वस्तू बनते ते : पोलाद, सळ्या, बिडाचा कच्चा माल. एका ग्राहकानं मला विचारलं होतं, ‘मटेरियल पाठवलं म्हणजे काय, भाग आम्हीच बनवायचे का?’ तो चेष्टा करत नव्हता. ‘पार्ट्स’ लिहा, ‘गुड्स’ लिहा. आणि ‘डू द डिस्पॅच’ नको, ‘डिस्पॅच’ हेच क्रियापद आहे. अमेरिकेसाठी ‘शिप’ जास्त सरावाचं, मग माल विमानानं जात असला तरी.

यापुढची जोडी पैशाशी बांधलेली आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. ‘पेंडिंग सिन्स फॉर्टी-फाइव्ह डेज’ यात व्याकरणाचीही चूक आहे. कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’ लागतं, ‘सिन्स’नंतर सुरुवातीची तारीख येते. पण ती किरकोळ. खरी गोम ‘पेंडिंग’मध्ये आहे. मराठीत आपण हिशेबाला बसलो की ‘येणं’ आणि ‘थकबाकी’ यात गल्लत करत नाही. येणं म्हणजे आपले पैसे त्याच्याकडे आहेत, मुदत टळलीच असेल असं नाही. थकबाकी म्हणजे मुदत टळली. इंग्रजीत पहिल्याला ‘आउटस्टँडिंग’ आणि दुसऱ्याला ‘ओव्हरड्यू’. ‘पेंडिंग’ यातलं एकही ठामपणे सांगत नाही. ते कशाची तरी वाट बघत अडकलंय, एवढंच कळतं. पंचेचाळीस दिवसांची उधारी ठरली आहे आणि आज ती संपली, की उधारी संपून वर पंचेचाळीस दिवस गेले? तुमच्या वाक्यावरून मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसणार. नेमकं लिहायचं तर इन्व्हॉइसची तारीख, ‘ड्यू’ कधी होती ती तारीख, आणि आज किती दिवस ‘ओव्हरड्यू’ आहे, एवढं पुरतं. अशा वाक्यात रागही नसतो आणि लाचारीही.

‘रिलीज’बद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘रिलीज पेमेंट’ ही जोडी चुकीची नाही, जगभर चालते. पण अडवून ठेवलेला पैसा मोकळा करतात तेव्हा ती वापरतात. गुणवत्तेच्या तक्रारीमुळे ग्राहकानं रक्कम रोखली होती, तक्रार मिटली, आता सोडा, असं असेल तर ‘रिलीज’ अगदी योग्य. ज्याची मुदत परवाच संपली त्याला ‘रिलीज’ म्हटलं तर, तू मुद्दाम दाबून बसलायस, असा वास येतो. त्याला ‘मेक द पेमेंट’ म्हणा, किंवा नुसतं ‘पे द इन्व्हॉइस’. ‘डू द पेमेंट’ मात्र कुठेच नाही, इंग्लंडात नाही, अमेरिकेतही नाही. त्याचं जुळं भावंड म्हणजे ‘गिव्ह द ऑर्डर’. ऑर्डर ‘प्लेस’ करतात. ‘गिव्ह ॲन ऑर्डर’ म्हटलं की हुकूम सोडणारा सुभेदार डोळ्यांसमोर येतो.

आणि ‘इन्व्हॉइस काढला’चं ‘टेकन आउट द इन्व्हॉइस’ तुम्ही केलं नाहीत, पण तुमच्या हाताखालचा मुलगा करेल. वाचणाऱ्याला वाटतं, फाइलमधून काढून टाकला. इंग्लंडच्या ग्राहकाला ‘रेज ॲन इन्व्हॉइस’ चालतं, आपल्याकडे तर तेच रूढ आहे. अमेरिकेसाठी ‘इश्यू’ किंवा सरळ ‘सेंड’ बरं.

‘कन्फर्म द सेम’ मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण यात माझी स्वतःची जखम आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी पंपाच्या बॉडीची एक ऑर्डर संध्याकाळी फॅक्सवर आली. मी हुशारी दाखवत त्याच रात्री उत्तर पाठवलं, ‘वी कन्फर्म युअर ऑर्डर’. माझ्या मनात होतं, ऑर्डर मिळाली बरं का. चार दिवसांनी कच्च्या लोखंडाचा भाव चढला, मालक म्हणाले सहा टक्के वाढवून सांग. ग्राहकानं काही वाद घातला नाही, माझाच फॅक्स मला परत पाठवला, त्या चार शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारून. तो आख्खा लॉट जुन्या भावात गेला. मालक रागावले नाहीत, पण पुढचे सहा महिने प्रत्येक पत्र सहीआधी स्वतः वाचत होते. ते जास्त लागलं.

मिळाली एवढंच सांगायचं तर ‘ॲक्नॉलेज रिसीट ऑफ युअर ऑर्डर’, किंवा ‘कन्फर्म रिसीट ऑफ’. ‘रिसीट ऑफ’ हे दोन शब्द मध्ये आले की अर्थ पार बदलतो. नुसतं ‘कन्फर्म युअर ऑर्डर’ म्हणजे भाव, नग, तारीख सगळं मान्य. आपल्या १८७२च्या करार कायद्याच्या सातव्या कलमात स्वीकृती कशी असावी ते लिहिलंय : निखालस आणि बिनशर्त. माझे चार शब्द दुर्दैवानं तसेच होते. म्हणून मी म्हणतो, शब्दजोड्या हा नुसता भाषेच्या डौलाचा प्रश्न नाही. काही जोड्या कानाला खटकतात आणि काही खिशाला, आणि खिशाच्या आधी शिकायच्या.

अशा खिशाच्या जोड्या बँकेच्या आणि जहाजाच्या कागदांत ठासून भरलेल्या असतात, तिथे स्वतःची अक्कल बिलकुल चालवू नका. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी, ‘ओपन’ किंवा ‘इश्यू’ होतं, कागदपत्रं ‘प्रेझेंट’ करतात, बँक ती ‘ऑनर’ करते. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, ‘फ्रेट प्रीपेड’ (भाडं आधीच भरलंय) असतं नाहीतर ‘फ्रेट कलेक्ट’ (भाडं माल घेणाऱ्याकडून). भाडं भरलंय म्हणून तिथे ‘फ्रेट पेड बाय अस’ असलं काही घरगुती लिहायचं नाही. ‘अगेन्स्ट’चीही गंमत बघा. ‘डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंट’ ही जगन्मान्य जोडी आहे : पैसे द्या, कागद घ्या. त्यावरून आपण ‘अगेन्स्ट युअर ऑर्डर’, ‘अगेन्स्ट युअर मेल’ असं सगळीकडे ‘अगेन्स्ट’ लावत सुटलो. ‘कम्प्लेंट अगेन्स्ट द पार्ट्स’ वाचून वाटतं, भागांवर खटला भरलाय. भागांबद्दलची तक्रार ‘कम्प्लेंट अबाउट’, आणि माल पाठवायचा तो ‘अंडर युअर ऑर्डर’.

‘डिस्कस अबाउट’ मात्र नियमात बसवता येतं, आणि असे नियम फार थोडे आहेत म्हणून सांगतो. ‘डिस्कस’ या क्रियापदाला मध्यस्थ लागत नाही, ‘डिस्कशन’ या नामाला ‘अबाउट’ लागतं. ‘ऑर्डर’ क्रियापद असेल तर थेट ‘वी ऑर्डर्ड फाइव्ह हंड्रेड बुशेस’, नाम असेल तर ‘ॲन ऑर्डर फॉर फाइव्ह हंड्रेड बुशेस’. ‘रिक्वेस्ट’ आणि ‘डिमांड’चंही तेच. आपण चुकतो, कारण मराठीत आपण एखाद्या गोष्टी‘बद्दल’ चर्चा करतो, भागां‘साठी’ ऑर्डर देतो, आणि ते ‘बद्दल’, ‘साठी’ पाठोपाठ चालत येतं. शिवाय ‘रिजेक्शन’ म्हणजे नाकारण्याची क्रिया. तुम्हाला नाकारलेल्या नगांवर बोलायचंय, तर ‘रिजेक्टेड पार्ट्स’.

‘रिव्हर्ट ऑन प्राइस’ धोक्याचं. भारतात ‘रिव्हर्ट’ म्हणजे उलट उत्तर देणं, आणि आपल्या आपल्यात ते चालतं. बाहेर त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं. भावाच्या वाक्यात हा शब्द आला की ग्राहक खूश होतो : हे जुन्या भावावर परत येतायत! ‘सेंड अवर रिव्हाइज्ड प्राइस’ लिहा आणि तारीख घाला.

भावाचा विषय निघालाच आहे तर एक वाक्य : वस्तू ‘चीप’ किंवा ‘एक्स्पेन्सिव्ह’ असते, किंमत ‘लो’ किंवा ‘हाय’. ‘कॉस्टली प्राइस’ नको.

आता तुमचा ‘टेक’ आणि ‘मेक’. इथे उत्तर परिस्थितीवर आहे. अमेरिकी ‘मेक’ म्हणतात, ब्रिटिश दोन्ही. निर्णय आपण ‘घेतो’ म्हणून आपल्या तोंडी ‘टेक’ येतं आणि योगायोगानं निम्मं जग ते बरोबर मानतं. जर्मन माणसाचं आणखी वेगळं. त्याच्या भाषेत निर्णयाला जे क्रियापद लागतं, त्याचा एरवीचा अर्थ ‘भेटणे’ किंवा ‘नेम लागणे’. मग तो इंग्रजीत लिहिताना आपल्यासारखाच चाचपडतो. म्हणून जर्मन किंवा इटालियन ग्राहकाला लिहिताना डौलदार जोड्यांच्या मागे लागू नये. वाक्य लहान, क्रियापद साधं, तारीख आणि आकडा स्पष्ट. तुमचा ग्राहक अमेरिकी, तुम्ही ‘मेक’ लिहा आणि विषय संपवा.

यादी नको तर काय करायचं, ते माझ्या सवयीवरून सांगतो. शंभर पानी वही घ्या, आणि प्रत्येक पान एका नामाला द्या. ‘पेमेंट’चं एक पान, ‘ऑर्डर’चं एक, मग ‘प्राइस’, ‘डिलिव्हरी’, ‘कम्प्लेंट’, ‘मीटिंग’. तुमच्या कामात अशी चाळीसच्या वर नामं नसतील. मग ग्राहकाकडून येणारे जुने मेल काढा आणि तो त्या नामाबरोबर काय वापरतो ते त्या पानावर उतरवा. ‘ऑर्डर’च्या माझ्या पानावर एकाखाली एक आहे : प्लेस, रिसीव्ह, ॲक्नॉलेज, अमेंड, कन्फर्म, फिल, कॅन्सल. म्हणजे ऑर्डरचं जन्मापासून मरणापर्यंतचं आयुष्यच. वर्णक्रमानं लावू नका, काम ज्या क्रमानं होतं तसं लावा, मग पाठ करावं लागत नाही. ग्राहकाचीच जोडी त्याला परत दिली की खटकण्याचा प्रश्नच उरत नाही. हा माझा सर्वांत स्वस्त उपाय.

एखादी जोडी मेलमध्ये सापडली नाही तर इंटरनेटवर अमेरिकी इंग्रजीचा ‘कोका’ नावाचा शब्दसंग्रह आहे, शंभर कोटींहून जास्त शब्दांचा. नाम घातलं की त्याच्या आधी कुठली क्रियापदं येतात ते दाखवतो. ब्रिटिश ग्राहकासाठी दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे. गूगलवर अवतरणात घालून आकडे मोजण्यावर मी फार भिस्त ठेवत नाही, कारण तिथे आपल्यासारख्यांनी लिहिलेलंही सगळं मोजलं जातं. हल्ली मुलं मेल यंत्राकडून घासूनपुसून घेतात. घ्यावा. ‘डू द पेमेंट’ ते दुरुस्त करेल. पण रक्कम ‘आउटस्टँडिंग’ आहे की ‘ओव्हरड्यू’, आणि ऑर्डर नुसती मिळालीय की मान्य आहे, हे तुमच्या खातेवहीत आहे, त्याच्याकडे नाही.

तर तुमचा मेल मी असा लिहिला असता, तारखा अंदाजानं घातल्यात : ‘वी ॲक्नॉलेज रिसीट ऑफ युअर ऑर्डर अँड विल कन्फर्म प्राइस अँड डिलिव्हरी बाय फ्रायडे. द पार्ट्स अंडर युअर प्रीव्हियस ऑर्डर विल शिप बाय मार्च २०. अवर इन्व्हॉइस ऑफ जॅन्युअरी २ वॉज ड्यू ऑन फेब्रुअरी १६ अँड इज नाउ टेन डेज ओव्हरड्यू. कुड यू टेल अस व्हेन टू एक्स्पेक्ट पेमेंट? वी वुड लाइक टू शेड्यूल अ कॉल ऑन ट्यूजडे टू डिस्कस द रिजेक्टेड पार्ट्स.’ वीस तारखेची रवानगी नव्या ऑर्डरची असेल तर अर्थातच ते वाक्य आत्ता लिहू नका, आधी भाव ठरू द्या.

‘डू द नीडफुल’ राहिलं. ते जुन्या इंग्रजी कचेऱ्यांतलं, तिकडे मागे पडलं, आपल्याकडे टिकलं. न्हावा-शेवाच्या तुमच्या क्लिअरिंग एजंटला खुशाल लिहा, काय करायचं ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. अमेरिकेतल्या तुमच्या ग्राहकाच्या माणसाला ते ठाऊक नाही. तुम्हाला काय हवंय ते त्याला सांगा : सही करून परत पाठवा, नवं ड्रॉइंग पाठवा, मंगळवारची वेळ कळवा. आणि सांगण्यासारखं काहीच नसेल, तर ते वाक्य खोडून तिथे तुमचं नाव लिहा.